लिनक्स शिकताना अडलात? मदत कुठे शोधायची, कशी मागायची आणि कुणाचं ऐकायचं नाही



दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट कसं टाकायचं, हा व्हिडिओ केल्यापासून एकच प्रश्न सगळ्यात जास्त येतोय. "सर, टाकलं. चालू पण झालं. पण आता अडलो तर विचारायचं कुणाला?"

प्रश्न अगदी बरोबर आहे. विंडोजवर काही अडलं तर शेजारचा मोबाईलवाला सांगतो, भाचा सांगतो, कॉलेजची पोरं सांगतात. लिनक्सचं नाव काढलं की सगळे एकमेकांकडे बघतात. आणि विंडोज १० चा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यामुळे, ज्यांचं मशीन विंडोज ११ घेत नाही असे बरेच दुकानदार आता लिनक्सकडे वळतायत. म्हणून आज फक्त मदतीबद्दल बोलू.

एक गोष्ट आधीच सांगतो. या लेखात मी कमांड मराठी अक्षरांत लिहिल्या आहेत. तुम्ही टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत टाइप करायच्या. कॉपी-पेस्ट करता येणार नाही, आणि ते चांगलंच आहे. का, ते माझी गोष्ट ऐकल्यावर कळेल.

एका स्पेसची किंमत: १३ हजार रुपये

माझं दुकान झेरॉक्स, प्रिंटआउट, ऑनलाइन फॉर्म आणि स्टेशनरीचं. कॉलेजच्या रस्त्यावर. जून म्हणजे आमची दिवाळी, अ‍ॅडमिशनचा सीझन. मला लिनक्स वापरायला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते. भर दुपारी, काउंटरवर आठ-दहा पोरं उभी, आणि स्क्रीनवर मेसेज आला की डिस्क भरली.

स्कॅनच्या फोल्डरमध्ये जुन्या फायली पडल्या होत्या, त्या उडवायच्या होत्या. इंटरनेटवर शोधलं, पहिलं जे उत्तर दिसलं त्यातली कमांड उचलली, फोल्डरचं नाव बदललं आणि एंटर मारलं. नाव बदलताना स्लॅश आणि तारा या दोन चिन्हांच्या मध्ये एक स्पेस पडली. बस्स. कॉम्प्युटरने त्याचा अर्थ असा घेतला की स्कॅनचं फोल्डर उडव, आणि त्यासोबत इथे जे काही आहे ते सगळंच उडव.

‘आरएम’ ही कमांड फायली कचऱ्याच्या डब्यात टाकत नाही, सरळ पुसते. त्यात उधारीचं शीट होतं. ४७ हजारांची उधारी, साठेक माणसं. बॅकअप म्हणजे दोन महिन्यांपूर्वी हिशोबासाठी सीएंना मेल केलेली एक जुनी कॉपी. त्यावरून आणि डोक्यातल्या आठवणीवरून ३४ हजार वसूल झाले. एक रिटायर्ड गुरुजी स्वतःहून आले, १,२४० रुपये काउंटरवर ठेवले आणि म्हणाले, "अरे, तुझ्या वहीत नसलं तरी माझ्या वहीत आहे." सगळेच गुरुजी नसतात. १३ हजार गेले ते गेलेच.

त्या रात्री मी त्याच कमांडचं माहितीपान उघडलं. त्यात स्पष्ट लिहिलं होतं की ‘एफ’ हा पर्याय लावला तर कॉम्प्युटर काहीही विचारणार नाही. मी जी कमांड उचलली होती तिच्यात ‘एफ’ होता. आणि त्याच पानावर हेही होतं की कॅपिटल ‘आय’ लावला तर तीनपेक्षा जास्त फायली किंवा अख्खं फोल्डर पुसण्याआधी तो एकदा विचारतो. वाचायला पाच मिनिटं लागली. ती पाच मिनिटं दुपारी दिली असती तर?

म्हणजे मदत माझ्या समोरच्या मशीनमध्येच होती. मला ती बघायची सवय नव्हती. ती सवय कशी लावायची ते आता क्रमाने बघू.

पायरी १: आधी मशीनलाच विचारा

इंटरनेट बंद असलं तरी चालणारी ही मदत आहे. चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली, डॅश डॅश हेल्प. कुठल्याही कमांडच्या पुढे एक स्पेस, मग दोन डॅश आणि जोडून ‘हेल्प’ लिहा. बहुतेक कमांड आपली छोटी माहिती तिथल्या तिथे दाखवतात. घाई असेल तेव्हा हे पुरतं.

दुसरी, मॅन. एम-ए-एन, म्हणजे मॅन्युअलचं लघुरूप. ‘मॅन’ लिहा, स्पेस द्या आणि कमांडचं नाव लिहा. पूर्ण माहितीपान उघडतं. ही पद्धत लिनक्सपेक्षाही जुनी आहे. लिनक्स ज्या युनिक्सच्या वळणावर बनलं, त्या युनिक्सच्या मॅन्युअलच्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ती लिहिली होती. पन्नास वर्षांहून जास्त काळ लोक असंच मदत शोधतायत, म्हणजे त्यात काहीतरी दम असणार.

पहिल्यांदा मॅनचं पान उघडलं की घाबरायला होतं. मला पण झालं होतं. ते गोष्टीच्या पुस्तकासारखं वरून खाली वाचायचं नसतं, रेल्वेच्या टाइमटेबलसारखं हवी ती ओळ शोधायची असते. वर ‘नेम’ मध्ये एका ओळीत कमांड काय करते ते असतं. ‘सिनॉप्सिस’ मध्ये ती कशी लिहायची ते असतं. तिथे चौकोनी कंसात जे आहे ते लिहिलं नाही तरी चालतं, आणि पुढे तीन टिंबं असली तर ती गोष्ट एकापेक्षा जास्त वेळा देता येते. त्याखाली एकेका पर्यायाचा अर्थ. काही पानांवर शेवटी उदाहरणंही असतात, ती आधी बघा. पानात शब्द शोधायचा असेल तर स्लॅश दाबा, शब्द लिहा, एंटर. पुढचा सापडायला ‘एन’. बाहेर पडायला ‘क्यू’. हे ‘क्यू’ माहीत नसल्यामुळे मी पहिल्या दिवशी खिडकीच बंद केली होती!

तिसरी, अ‍ॅप्रोपोस. स्पेलिंग ए-पी-आर-ओ-पी-ओ-एस. कमांडचं नावच माहीत नसेल तर काय? मग ही वापरा. अ‍ॅप्रोपोस लिहून पुढे इंग्रजीत कामाचा शब्द द्या, उदाहरणार्थ प्रिंटर किंवा कॉपी. माहितीपानांच्या नावांत किंवा एका ओळीच्या वर्णनांत तो शब्द जिथे आहे त्यांची यादी येते. यादीत नावापुढे कंसात आकडा दिसेल. १ म्हणजे रोजच्या वापराची कमांड, ५ म्हणजे फायलीची रचना, ८ म्हणजे सिस्टिम सांभाळणाऱ्याची कमांड. आपण नवीन आहोत, आपण १ वर लक्ष ठेवायचं. ८ दिसलं की जरा थांबून वाचायचं.

चौथी, नुसतं हेल्प. फोल्डर बदलायची ‘सीडी’ कमांड असते ना, ती शेलच्या पोटातच असते. अशा कमांडसाठी ‘हेल्प’ लिहून पुढे कमांडचं नाव द्यायचं.

आणि टर्मिनल नको असेल तर? लिब्रेऑफिससारख्या बऱ्याच प्रोग्राममध्ये एफ-१ दाबलं की मदत उघडते. मिंटची वेलकम स्क्रीन आपण पहिल्याच दिवशी बंद करून टाकतो, पण तिच्यातही डॉक्युमेंटेशन आणि मदतीचे दुवे दिलेले असतात.

पायरी २: बाहेर शोधण्याआधी आपल्या सिस्टिमचं नाव-गाव माहीत करा

मेडिकलवाल्याला नुसतं "गोळी द्या" म्हटलं तर तो काय देणार? तसंच "लिनक्सवर प्रिंटर चालत नाही" असं शोधलं तर हजार उत्तरं येतात आणि त्यातली बरीच दुसऱ्याच लिनक्सची असतात.

लिनक्स म्हणजे एक वस्तू नाही, घराणी आहेत. लिनक्स मिंटची मुख्य आवृत्ती उबुंटूवर उभी आहे आणि उबुंटू डेबियनवर. म्हणून मिंटवाल्याला उबुंटूची उत्तरं बहुतेक वेळा चालतात. मिंट २२ हे उबुंटू २४.०४ वर आधारलेलं आहे, म्हणजे शोधताना "उबुंटू २४.०४" असं लिहिलं तरी चालेल. फेडोराचं घराणं वेगळं. आपल्याकडे सॉफ्टवेअर टाकायला ‘एपीटी’ लागतं, फेडोरात ‘डीएनएफ’. एखाद्या उत्तरात ‘डीएनएफ’ दिसलं तर ते आपल्यासाठी नाही, पुढे चला.

आपल्या मेन्यूत सिस्टिमची माहिती दाखवणारं अ‍ॅप असतं. ते उघडा, नाव आणि नंबर बघा, आणि एका चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा. साधी गोष्ट आहे, पण वेळ वाचवते.

पायरी ३: बाहेरची मदत, या क्रमाने

एक, तुमच्या लिनक्सचं स्वतःचं डॉक्युमेंटेशन. मिंटची इन्स्टॉलेशन गाइड आहे, उबुंटूची आणि डेबियनची स्वतःची कागदपत्रं आहेत. कंपनीचं मॅन्युअल आधी, बाकीचे नंतर.

दोन, मराठीतून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्युटोरियल हा प्रकल्प. लिनक्स आणि लिब्रेऑफिसवर साधारण दहा-दहा मिनिटांचे धडे आहेत, मोफत, आणि बरेच मराठी आवाजात. एका बाजूला धडा आणि दुसऱ्या बाजूला आपलं टर्मिनल उघडून सोबत करत जायचं. इंग्रजीची भीती असलेल्यांनी इथूनच सुरुवात करा.

तीन, आर्च विकी. ही आर्च नावाच्या वेगळ्या लिनक्सची विकी आहे, पण एखादी गोष्ट मुळात कशी चालते हे समजून घ्यायला सगळेच तिथे जातात. समजून घ्या, पण तिथल्या सॉफ्टवेअर टाकायच्या कमांड मिंटवर मारू नका.

चार, प्रश्नोत्तरांच्या जागा. आस्क उबुंटू, मिंटचा फोरम वगैरे. तुमचा प्रश्न आधी कुणीतरी विचारलेला असण्याची शक्यता खूप आहे.

शोधताना एक युक्ती. स्क्रीनवर आलेला एरर मेसेज जसाच्या तसा इंग्रजीत शोधा. त्यातलं तुमच्या फोल्डरचं नाव, तुमचं युजरनेम काढून टाका, कारण ते जगात दुसऱ्या कुणाकडे नाही. "काहीतरी एरर येतेय" असं शोधून काही सापडत नाही.

पायरी ४: मिळालेलं उत्तर माल तपासतो तसं तपासा

सप्लायरने बॉक्स टाकला की आपण उघडून बघतो ना? एक्स्पायरी बघतो, नग मोजतो. कमांडचंही तसंच करा. मी आता एंटर दाबायच्या आधी हे पाच प्रश्न स्वतःला विचारतो.

१. उत्तराची तारीख काय? दहा वर्षांपूर्वीचं उत्तर तेव्हा बरोबर असेल, आज असेलच असं नाही.

२. ते माझ्या घराण्याचं आहे का?

३. त्यात ‘सुडो’ आहे का? सुडो म्हणजे मालकाची सही. सही करण्याआधी कागद वाचायचा.

४. कमांडमधला प्रत्येक तुकडा मला समजतो का? नाही समजला तर मॅनमध्ये बघायचा. एक्सप्लेनशेल नावाची साइट पण आहे, तिथे कमांड टाकली की तुकड्या-तुकड्याचा अर्थ दाखवते.

५. चुकलं तर परत येता येईल का? आधी फायलीची कॉपी केली का?

इंटरनेटवरून स्क्रिप्ट उतरवून थेट चालवणारी एका ओळीची कमांड दिसली तर तिथे दोनदा थांबा. न वाचता चालवणं म्हणजे अनोळखी माणसाच्या हातात गल्ल्याची किल्ली देणं.

टाइमशिफ्टबद्दल पण एक गैरसमज काढतो. मिंटमधलं टाइमशिफ्ट सिस्टिमची कॉपी ठेवतं. तुमची उधारी, तुमची बिलं, तुमचे फोटो नेहमीच्या सेटिंगमध्ये त्यात येत नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळा, पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर घ्यायचा. मी आता रोज रात्री शटर ओढायच्या आधी घेतो.

एआय चॅटबॉटला विचारलं तर चालेल का, हेही बरेच जण विचारतात. चालेल, एरर मेसेजचा अर्थ मराठीत समजून घ्यायला तर छान आहे. पण तो कधीकधी नसलेला पर्यायही ठाम आवाजात सांगतो. म्हणून त्याने दिलेली कमांड सुद्धा याच पाच प्रश्नांतून जाऊ द्या.

पायरी ५: प्रश्न असा विचारा की उत्तर मिळेल

२५ ऑगस्ट १९९१ ला हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टॉरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने एका न्यूजग्रुपवर लिहिलं की मी एक ऑपरेटिंग सिस्टिम बनवतोय, तुम्हाला काय हवं ते सांगा. तेच आजचं लिनक्स. म्हणजे लिनक्सची जगाला पहिली ओळखच लोकांना विचारण्यातून झाली. त्यामुळे विचारायला लाजू नका. पण ही मदत करणारे बहुतेक लोक बिनपगारी आहेत, आपला वेळ काढून उत्तर देतात. त्यांचा वेळ वाया जाऊ देऊ नका.

वाईट प्रश्न: "प्रिंटर चालत नाही, अर्जंट आहे, कृपया मदत करा."

चांगला प्रश्न: "मिंट २२ आहे. यूएसबीने जोडलेला अमुक मॉडेलचा लेझर प्रिंटर आहे. ‘एलएसयूएसबी’ कमांडच्या यादीत तो दिसतो. प्रिंट दिली की रांगेत जाते पण कागद बाहेर येत नाही. काल अपडेट केल्यापासून असं होतंय. केबल बदलून पाहिली, प्रिंटर काढून परत जोडला. मेसेज असा येतो..." आणि पुढे तो मेसेज जसाच्या तसा.

फरक बघा. दुसऱ्यात पाच गोष्टी आहेत: काय मशीन, काय करायचं होतं, काय झालं, कधीपासून, आणि मी काय-काय करून पाहिलं. गंमत म्हणजे असा प्रश्न लिहिता-लिहिता निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं. हार्डवेअरची माहिती द्यायची असेल तर मिंटमध्ये ‘आयएनएक्सआय’ ही कमांड आहे. तिला ‘झेड’ पर्याय लावला की सीरियल नंबर, आयपी अ‍ॅड्रेस अशा खासगी गोष्टी ती झाकते.

आणि आपल्यासारख्या फॉर्म भरणाऱ्या दुकानदारांसाठी हात जोडून सांगतो. स्क्रीनशॉट टाकताना ग्राहकाचं आधार, मोबाईल नंबर, मार्कशीट मागे दिसत नाही ना ते बघा. एकदा टाकलेलं परत येत नाही. विश्वास तर अजिबात नाही.

काम झालं की परत जाऊन लिहा, "अमुक केलं, चाललं, धन्यवाद." पुढच्या अडलेल्या माणसाला तेच उत्तर मिळतं.

पैसे देऊन मदत कधी घ्यायची?

फुकटच्या नादात धंदा बसता कामा नये. माझा नियम साधा आहे. शिकण्याचा प्रश्न असेल तर स्वतः शोधायचं, रात्री, दुकान बंद झाल्यावर. बिलिंग थांबलं असेल आणि अर्ध्या तासात सुटलं नाही, तर जाणकाराला फोन करून पैसे द्यायचे. सीझनमध्ये दुकान तासभर बंद राहिलं तर किती जातात ते तुमचं तुम्हाला माहीत आहे. मात्र त्याने काय केलं ते शेजारी बसून लिहून घ्यायचं. पैसे दिलेत तर धडाही घ्या.

आणि काही कामांसाठी आधीच चौकशी करा. टॅलीप्राइम विंडोजसाठी बनलंय. बोटाच्या ठशाचं मशीन, डिजिटल सहीचा टोकन, जुने मराठी फॉन्ट यांचंही आधी विचारून घ्या. तुमचा धंदाच त्यावर चालत असेल तर एक विंडोज मशीन ठेवा. यात कमीपणा नाही.

सगळ्यात उपयोगी डॉक्युमेंटेशन तुमच्या हातचं

त्या जूननंतर मी काउंटरखाली एक शंभर पानी वही ठेवली. चार रकाने: तारीख, काय अडलं, काय केलं, कुठे सापडलं. आज त्यात दीडशेच्या वर नोंदी आहेत. स्कॅनर सापडत नाही, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड कसा लावायचा, प्रिंटची अडकलेली रांग कशी मोकळी करायची, सगळं.

मागच्या महिन्यात मी लग्नाला गेलो होतो. दुकानात काम करणारा मुलगा एकटाच होता, प्रिंटर अडला. त्याने मला फोन केला नाही. वही काढली, पान शोधलं, दहा मिनिटांत प्रिंट चालू. आल्यावर मला म्हणाला, "दादा, तुमचं अक्षर तेवढं सुधारा."

मित्रांनो, हाच तो क्षण, जेव्हा दुकान मालकाशिवाय चालायला लागतं. आपण याला मोठमोठी नावं देतो, पण सुरुवात एका वहीपासून होते.

या आठवड्याचा गृहपाठ

- ‘मॅन’ स्पेस ‘आरएम’ उघडा आणि छोटा ‘आय’ व कॅपिटल ‘आय’ यांतला फरक स्वतः शोधा. फक्त वाचा, कमांड चालवू नका!
- आपल्या सिस्टिमचं नाव आणि नंबर चिठ्ठीवर लिहून मॉनिटरला चिकटवा.
- उधारीच्या शीटची एक कॉपी आजच्या आज पेन ड्राइव्हवर घ्या.
- वही आणा. पहिली नोंद आज करा, कितीही छोटी असली तरी.

कॅपिटल ‘आय’ काय करतो ते मी वर सांगितलंय. छोटा ‘आय’ काय करतो ते तुम्ही शोधून कमेंटमध्ये मला सांगा. बघू किती जण मॅन उघडतात.

भेटू पुढच्या लेखात. शिकत राहा, धंदा वाढवत राहा.